गरोदरपणातील ‘इन्फ्लमेशन प्रोफाइल’ आणि सांगलीतील एक लॅब : दोन महिन्यांचा अनुभव

माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात पुण्याहून सांगलीला माहेरी आली आणि पुढच्या दोन महिन्यांत विश्रामबाग भागातील एका खासगी पॅथॉलॉजी लॅबशी आमचा नऊ वेळा संबंध आला. लॅबचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण दाह मोजणाऱ्या तपासण्यांच्या ज्या ‘इन्फ्लमेशन प्रोफाइल’ पॅकेजविषयी माझी तक्रार आहे ते आता अनेक ठिकाणी विकले जाते, आणि ज्या कामाचे मला मनापासून कौतुक आहे ते तेथील एका तंत्रज्ञ मुलीचे व एका पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांचे आहे. मी तीस वर्षे माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवले असल्यामुळे अहवालातील शब्द मला परके नव्हते. तरीही पहिल्या दिवशी काउंटरवर माझीही फसगत झाली.

एकतिसाव्या आठवड्यात मुलीचा रक्तदाब १४२/९२ भरला आणि चार तासांनी पुन्हा मोजला तेव्हाही तेवढाच होता. पावलांवर सूज होतीच. आमच्या डॉक्टरबाईंनी चिठ्ठीवर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), यकृताच्या तपासण्या, क्रिएटिनिन, युरिक ऍसिड, एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारे एन्झाइम) आणि लघवीतील प्रथिने एवढे लिहून दिले. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर राहू लागला आणि त्याच्या जोडीला लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा यकृत, मूत्रपिंड, प्लेटलेट्स यांच्यावर परिणाम दिसू लागला, तर त्या अवस्थेला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. तो आहे की नाही, एवढेच त्यांना पाहायचे होते.

काउंटरवरच्या मुलीने चिठ्ठी वाचली आणि समोरचा रंगीत फलक दाखवत ती म्हणाली, “काकू, ताईंच्या पायावर सूज आहे ना, मग हे पॅकेज पण घ्या. शरीरातली सूज किती आहे ते यात सगळं कळतं.” पॅकेजमध्ये सीआरपी (दाहात वाढणारे प्रथिन), ईएसआर (तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग), एनएलआर (दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे गुणोत्तर), फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन), डी-डायमर (रक्ताची गुठळी विरघळताना उरणारे तुकडे) आणि इंटरल्युकिन-६ (दाहाचा संदेश देणारे प्रथिन) अशा सहा तपासण्या होत्या आणि किंमत साडेतीन हजार रुपये होती. पोटुशा मुलीच्या बाबतीत हात आखडता घ्यायला आईचे मन धजत नाही. मी पैसे भरले.

माझी मोठी तक्रार येथेच आहे आणि ती एका शब्दाची आहे. मराठीत पायावर अंगठा दाबल्यावर खळगा पडतो तीही सूज आणि रक्तात वाढलेला दाह तीही सूज, असे आपण सर्रास बोलतो. पहिली सूज म्हणजे ऊतींमध्ये साठलेले पाणी. दुसरी म्हणजे जंतू, जखम किंवा बिघडलेली पेशी यांच्याविरुद्ध शरीराने केलेली हालचाल. पायाची सूज सीआरपीने मोजली जात नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत बहुतेक बायकांच्या पायांवर पाणी उतरते आणि त्यांतील बहुसंख्य ठणठणीत असतात. म्हणजे पायाकडे बोट दाखवून हे पॅकेज विकायचे ठरवले, तर समोर येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गर्भवतीला ते विकता येईल. त्या मुलीने हे जाणूनबुजून केले असे मला वाटत नाही. तिला जे शिकवले होते तेच ती म्हणाली. पण शिकवणाऱ्याला दोन सुजांमधला फरक ठाऊक असलाच पाहिजे.

दाहाचा आणि या आजाराचा संबंध नाही, असे मात्र मुळीच नाही. गर्भ रुजताना वारेच्या (प्लॅसेंटाच्या) पेशी गर्भाशयातील नागमोडी धमन्यांमध्ये शिरून त्यांना रुंद आणि सैल करतात, म्हणजे बाळाकडे रक्ताचा ओघ सहज वाहतो. हे काम अपुरे राहिले तर वारेला रक्त कमी पडते, ताण सोसणारी वार काही प्रथिने व पेशींचे सूक्ष्म तुकडे आईच्या रक्तात सोडते, रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर बिघडते आणि पांढऱ्या पेशी चेतवल्या जातात. रक्तदाब, लघवीतील प्रथिने, यकृताचे दुखणे हे सर्व त्या बिघडलेल्या अस्तराचे परिणाम आहेत. शिवाय निरोगी गरोदरपण हीसुद्धा सौम्य दाहाचीच अवस्था असते. अडचण यातूनच उभी राहते : निरोगी आणि आजारी यांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात आणि अहवालावर छापलेली ‘सामान्य मर्यादा’ बहुधा गरोदर नसलेल्या माणसांची असते.

रात्री दहाच्या सुमारास अहवाल व्हॉट्सऍपवर आला तेव्हा सहापैकी चार आकडे लाल ठळक अक्षरांत होते. ईएसआर ५८, डी-डायमर मर्यादेच्या दुपटीहून जास्त, सीआरपी ११, एनएलआर ४.२. कोणाच्याही शेऱ्याविना आलेले ते लाल आकडे पाहून मुलगी रात्रभर डोळ्याला डोळा लावू शकली नाही, आणि ज्या बाईचा रक्तदाब आधीच वाढलेला आहे तिला रात्री दहा वाजता असा कागद पाठवणे ही या सेवेतील गंभीर उणीव आहे. सकाळी डॉक्टरबाईंनी पेन घेऊन ईएसआर आणि डी-डायमर या दोन ओळींवर सरळ काट मारली. उभ्या नळीत तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसतात हे ईएसआर मोजतो. गरोदरपणात रक्त गोठवणारे फायब्रिनोजेन हे प्रथिन वाढते, त्यामुळे तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि भराभर खाली बसतात. त्यात हिमोग्लोबिन कमी असेल तर आणखी लवकर. या दिवसांत ५८ आकडा यावा यात काहीच विशेष नाही. डी-डायमरही महिने चढतात तसा चढत जातो.

सीआरपीने मात्र घरात वेगळाच गोंधळ घातला. अठ्ठाविसाव्या आठवड्यात मुलीला ताप आला असताना पुण्यात एका लॅबमध्ये हीच तपासणी झाली होती आणि तेथे आकडा ०.९ होता. जावईबापूंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि फोनवर म्हणाले, “आई, तीन आठवड्यांत बारा पटीने वाढलंय, आपण आजच्या आज पुण्याला हलवू या का?” मी चष्मा लावून दोन्ही कागद पुन्हा वाचले. पुण्याचा आकडा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असा होता, सांगलीचा मिलिग्रॅम प्रति लिटर असा. पुण्याचा ०.९ म्हणजे सांगलीच्या मापाने ९. नऊचे अकरा झाले होते, एवढेच. ज्यांच्या घरी एकक वाचणारे कोणी नसेल, त्यांनी त्या दिवशी गाडी काढली असती.

सीआरपी ही तपासणी स्वतः वाईट नाही, उलट ती कसाला उतरलेली आहे. १९३० मध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन सापडले. यकृत ते तयार करते, दाह सुरू झाला की काही तासांत वाढवते आणि कारण संपले की सुमारे १९ तासांत त्याचे रक्तातील प्रमाण निम्मे होते. त्यामुळे एकट्या आकड्यापेक्षा दोन दिवसांच्या अंतराने काढलेले दोन आकडे अधिक सांगून जातात. वेळेआधी पाणी जाऊ लागलेल्या बाईमध्ये जंतुसंसर्ग होतो आहे का, हे पाहताना डॉक्टर सीआरपीचा आधार घेतात. पण तेव्हाही आईचा ताप, नाडी, पांढऱ्या पेशी आणि बाळाचे ठोके यांच्या जोडीनेच, एकट्या आकड्यावर नव्हे. आमच्याकडे पाणी जात नव्हते, ताप नव्हता. त्या ११ वरून कोणताही निर्णय होणार नव्हता आणि झालाही नाही.

आता ज्या प्रसंगासाठी मी हे लिहायला बसले तो सांगते. पुढच्या आठवड्यात पुन्हा सीबीसी करायला गेलो. रक्त काढणाऱ्या तंत्रज्ञ मुलीचा हात हलका आहे. “ताई, मूठ सोडा, श्वास सोडा” म्हणेपर्यंत सुई बाहेर आलेली असते, आणि जांभळ्या झाकणाची नळी भरल्यावर ती तशीच ट्रेमध्ये न ठेवता आठ-दहा वेळा हळूच उलटसुलट करते. एवढी काळजी घेऊनही त्या दिवशी यंत्राने प्लेटलेट्स ७८,००० दाखवल्या. आठ दिवसांपूर्वी त्या पावणेदोन लाखांच्या वर होत्या. वाढलेला रक्तदाब आणि एक लाखाच्या खाली गेलेल्या प्लेटलेट्स एकत्र आल्या की डॉक्टरांच्या मनात सर्वांत आधी हेल्प सिंड्रोम येतो, ज्यात तांबड्या पेशी फुटू लागतात, यकृताची एन्झाइम्स वाढतात आणि ज्याचा खरा इलाज प्रसूती हाच असतो. म्हणजे बत्तिसाव्या आठवड्यात बाळ बाहेर काढायचे का, या प्रश्नापर्यंत तो एक आकडा आम्हाला नेऊ शकला असता.

यंत्राचा आकडा त्यांनी तसाच छापला नाही. अर्ध्या तासात पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांचा स्वतःचा फोन आला. “काकू, घाबरू नका, पण मुलीला घेऊन परत या. मला दुसऱ्या नळीत रक्त हवंय.” गेलो तेव्हा त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावले, कदाचित मी शिक्षिका आहे हे बोलण्यात आले होते म्हणून. काचेवरच्या रक्ताच्या थराच्या कडेला प्लेटलेट्सचे लहान-लहान घोस दिसत होते, दहा-दहा, वीस-वीस एकमेकींना बिलगलेल्या. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए हे रसायन असते आणि काही माणसांच्या प्लेटलेट्स त्या रसायनात नळीतल्या नळीत गोळा होतात. यंत्र त्या गोळ्यातील प्लेटलेट्स वेगवेगळ्या मोजू शकत नाही, म्हणून आकडा खोटा खाली जातो. अंगातल्या रक्तात मात्र सर्व काही ठीक असते. त्यांनी निळ्या झाकणाच्या, सोडियम सायट्रेटच्या नळीत रक्त घेतले, लगेच यंत्रावर लावले आणि आकडा आला १,६८,०००. त्या नळीत नऊ भाग रक्तात एक भाग द्रव मिसळतो, म्हणून ते १.१ ने गुणायचे : सुमारे १,८५,०००. अहवालाच्या तळाशी त्यांनी हे सर्व दोन ओळींत लिहिले आणि आमच्या डॉक्टरबाईंनाही फोन केला. दुसऱ्या नळीचे पैसे घेतले नाहीत.

पैशांपेक्षा मला त्या अर्ध्या तासाचे मोल अधिक वाटते. मुलगी बाकावर बसून होती आणि तिचा हात माझ्या हातात बर्फासारखा गार पडला होता. पॅथॉलॉजिस्ट बाहेर आले आणि काही बोलण्याआधी फक्त मान हलवली, तेव्हा तिने पहिल्यांदा नीट श्वास घेतला. जेथे पॅथॉलॉजिस्ट जागेवर नसतो आणि सही मात्र संगणकातून छापली जाते, तेथे हा प्रसंग वेगळ्या तऱ्हेने घडला असता. लॅब निवडताना दर विचारण्याआधी डॉक्टर किती वाजता येतात आणि काच स्वतः पाहतात का, हे विचारावे, असे मी आता ओळखीच्या प्रत्येकीला सांगते.

तेहेतिसाव्या आठवड्यात रक्तदाब १५०/१०० झाला, लघवीत प्रथिने दिसू लागली, मुलीला दवाखान्यात दाखल केले आणि गोळ्यांबरोबरच बाळाच्या फुफ्फुसांसाठी डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शने बारा-बारा तासांनी दिली. त्यानंतरच्या सकाळी याच लॅबने नमुना नेला आणि एनएलआर ११ असा लाल आकडा पाठवला. एनएलआर म्हणजे न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे गुणोत्तर. सीबीसीच्या कागदावर दोन्ही टक्केवारी आधीच असतात. आमच्याकडे ८८ आणि ८ होत्या, भागाकार घरीही करता येतो. त्या भागाकारासाठी पॅकेजमध्ये वेगळी रक्कम लावलेली आहे, हे मला योग्य वाटत नाही. स्टेरॉइड दिल्यावर न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात आणि एकूण पांढऱ्या पेशीही चढतात, त्यामुळे तो ११ आजाराचा नसून औषधाचा होता. दवाखान्यातील सिस्टरनी आमच्या चेहऱ्याकडे पाहूनच ते सांगितले. लॅबच्या अर्जावर मात्र ‘स्टेरॉइड घेतले आहे का’ असा रकाना नव्हता, आणि गर्भवतींसाठी खास पॅकेज विकणाऱ्या लॅबमध्ये तो असायलाच हवा. प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या बायकांच्या गटात हे गुणोत्तर सरासरीने जास्त आढळते, हे अभ्यासांत दिसले आहे. पण प्रत्येक अभ्यासाची सीमारेषा वेगळी आहे आणि समोर बसलेल्या एका बाईचा निर्णय त्यावर होत नाही.

पॅकेजमधील फेरिटिनचा मात्र उपयोग झाला आणि तो सांगितला नाही तर अन्याय होईल. मुलीचे हिमोग्लोबिन ९.८ होते आणि फेरिटिन ३८ आले, जे छापलेल्या मर्यादेत असल्याने काळ्या साध्या अक्षरांत होते. मला वाटले, लोह पुरेसे आहे, गोळ्या बंद करता येतील. त्या गोळ्यांनी तिला मलावरोधाचा फार त्रास होत होता. डॉक्टरबाईंनी थांबवले. फेरिटिन लोहाचा साठा दाखवते, पण दाह असला की तेही वाढते, म्हणून सीआरपी चढलेले असताना फेरिटिन ‘नॉर्मल’ दिसले तरी साठा रिकामा असू शकतो. तांबड्या पेशी लहान आणि फिकट होत्या, पेशी अशाच लहान ठेवणाऱ्या थॅलेसेमिया या आनुवंशिक आजाराची तपासणी सुरुवातीलाच होऊन निर्दोष आली होती. म्हणून लोहाची गोळी बदलून दिली, बंद केली नाही. या सहा तपासण्यांपैकी जोडीने वाचण्यासारखी हीच एक जोडी आहे आणि अहवालात नेमके त्याविषयी एक अक्षर लिहिलेले नव्हते.

इंटरल्युकिन-६ चा नमुना मुंबईला गेला आणि चौथ्या दिवशी अहवाल आला. यकृताला सीआरपी बनवायला लावणारा संदेश मुख्यतः हाच. म्हणजे परिणाम मोजून झाल्यावर कारणासाठी पुन्हा पैसे घेतले गेले. कोणीही त्या कागदाकडे पाहिले नाही.

याच्या उलट, पहिल्याच आठवड्यात डॉक्टरबाईंनी स्वतः लिहून दिलेली एक तपासणी महाग असूनही कामाची ठरली. एसएफएलटी-१ आणि पीएलजीएफ या वारेशी संबंधित दोन प्रथिनांचे ते गुणोत्तर. ती दाहाची तपासणी नव्हे. रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारे प्रथिन आणि वाढ करणारे प्रथिन यांचा तो तोल आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हे गुणोत्तर ३८ किंवा कमी असेल तर पुढच्या आठवडाभरात प्रीएक्लॅम्प्सिया होण्याची शक्यता अत्यल्प असल्याचे दिसले. मुलीचे २४ आले. “हा दिलासा आठ दिवसांचा आहे, बाळंतपणापर्यंतचा नाही,” असे डॉक्टरबाईंनी बजावले, आणि तेहेतिसाव्या आठवड्यात जे झाले त्यावरून ते शब्दशः खरे ठरले. लॅबने हा नमुना वेळेत वेगळा करून थंड पेटीतून पाठवला आणि तिसऱ्या दिवशी दुपारी अहवाल हातात दिला, याबद्दल त्यांना पूर्ण गुण.

जागेविषयी थोडे. लॅब पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. आठव्या महिन्यातील बाईला तो जिना जीवावर येतो. घरी येऊन नमुना नेण्याची सोय आहे, पण ती विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. सकाळी साडेसात ते नऊ तासगाव, कवठेमहांकाळकडून आलेल्या रुग्णांची गर्दी असते, दहानंतर निवांत. स्वच्छता चोख आहे, प्रत्येकासाठी सुई समोर उघडतात. ज्यांना हे दर झेपत नाहीत त्यांनी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली मोफत तपासणी होते हे लक्षात ठेवावे. रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि लघवीतील प्रथिने तेथे पाहिली जातात, आणि आमच्या मुलीचे दुखणेही याच साध्या तपासण्यांतून उघडकीला आले होते, पॅकेजमधून नव्हे.

सदतिसावा आठवडा पूर्ण होताच सिझेरियन झाले, नात अडीच किलोची. दुसऱ्या दिवशी सीआरपी ९६ आले. या वेळी आकड्याखाली पॅथॉलॉजिस्टांचा शेरा होता : शस्त्रक्रियेनंतर वाढ अपेक्षित, ताप नसल्यास ४८ तासांनी पुन्हा पाहावे. दोन दिवसांनी ३१ आले आणि टाके कोरडे होते.

बिलाच्या पावतीबरोबर मी व्यवस्थापकांना एक पत्र दिले आहे. फलकावरील ‘शरीरातील सूज’ हे शब्द काढावेत, अर्जावर स्टेरॉइडचा रकाना घालावा, आणि गर्भवतीचा अहवाल शेऱ्याशिवाय रात्री पाठवू नये, या तीन मागण्या त्यात आहेत. रकाना अर्जावर आला, मागच्या आठवड्यात लोहाच्या तपासणीसाठी गेलो तेव्हा पाहिला. फलक अजून बदललेला नाही.